तीन पेडल, दोन पाय

जपानमधील सुझुका येथील शर्यतीच्या ट्रॅकवर चित्रित झालेली एक जुनी चित्रफीत मोटारींचे शौकीन आजही आवर्जून पाहतात. होंडा कंपनीची एनएसएक्स ही दोन आसनी स्पोर्ट्स कार एकामागून एक वळणे घेत धावते आहे. ती चालवणाऱ्याच्या पायांत शर्यतीचे बूट नाहीत. पांढरे मोजे आणि ऑफिसला घालून जावेत तसे नाडी नसलेले साधे बूट आहेत. कॅमेरा मुद्दाम खाली, पेडलांवर रोखलेला आहे. वळण जवळ येते, उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर पडतो, डावा पाय क्लचवर जातो आणि ब्रेकवरचा दाब जराही कमी न करता तोच उजवा पाय किंचित कलून अ‍ॅक्सिलरेटरला स्पर्श करून येतो. इंजिन क्षणभर हुंकारते, गिअर उतरतो आणि पाण्यातून नाव वळावी तशी मोटार वळणात शिरते. ते पाय होते ब्राझीलच्या आयर्टन सेन्नाचे.

हाताने गिअर बदलावा लागणाऱ्या मोटारीत पेडल तीन आणि चालकाला पाय दोनच. रोजच्या रस्त्यावर या विषमतेची अडचण जाणवत नाही. शर्यतीत मात्र वळणाआधीच्या दोन-तीन सेकंदांत ब्रेकही दाबायचा असतो आणि गिअरही खाली आणायचा असतो. खालच्या गिअरसाठी इंजिनाचे फेरे वाढलेले हवेत. ते कमी असले, तर क्लच सुटताच इंजिन चाकांना मागे खेचते, मागची चाके अडखळतात आणि भरवेगात तेवढे अडखळणे मोटार गरकन फिरवायला पुरेसे ठरते. म्हणून ब्रेक दाबलेला असतानाच अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी देऊन फेरे आधीच वाढवून ठेवायचे. जुन्या मोटारींत चवडा ब्रेकवर आणि टाच अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवून हे साधत असत. त्यावरून या तंत्राला ‘हील अँड टो’ म्हणजे ‘टाच आणि चवडा’ हे नाव पडले. पुढे पेडलांची मांडणी बदलली, टाचेचे काम पावलाची बाहेरची कड करू लागली. नाव तेवढे जुनेच राहिले. पावलाच्या एका कडेने मोटार आवरायची आणि दुसऱ्या कडेने इंजिन पळवायचे, तेही एकाचा दुसऱ्याला पत्ता लागू न देता, हे शिकणाऱ्याची परीक्षाच पाहणारे असते. अनेकांना ते जन्मभर नीटसे साधत नाही.

ज्याने हे तंत्र कलेच्या पातळीवर नेले, त्याला बालपणी जिना चढतानाही अडचण येत असे, हे सांगूनही खरे वाटू नये. आयर्टन सेन्ना द सिल्व्हाचा जन्म २१ मार्च १९६० रोजी साओ पावलो येथे झाला. वडील मिल्टन हे जमीनजुमला व कारखाना बाळगून असलेले सधन गृहस्थ. मुलगा तीन वर्षांचा झाला तरी त्याच्या हालचालींत मेळ नव्हता. काळजीपोटी आईवडिलांनी त्याच्या मेंदूचा विद्युत आलेख काढून घेतला. त्यात कोणताही दोष आढळला नाही. हा मुलगा चौथ्या वर्षी वडिलांनी करून दिलेल्या छोट्या गो-कार्टमध्ये बसला. गवत कापण्याच्या यंत्राचे एक अश्वशक्तीचे इंजिन तिला बसवले होते. पायऱ्यांवर अडखळणारा मुलगा चाकांवर मात्र सहजपणे वावरू लागला.

सातव्या वर्षी तो घरच्या शेतावर जीप चालवू लागला आणि तेथेच क्लचला पाय न लावता गिअर बदलण्याची युक्ती त्याने हस्तगत केली. वरवर ही पोरवयातील उचापत वाटते. पण तिच्यात पुढच्या आयुष्याचे बीज होते. क्लच न वापरता गिअर पडायचा, तर इंजिनाची गती आणि चाकांची गती यांचा तंतोतंत मेळ बसावा लागतो. मेळ चुकला की दाते करकरतात. बसला की दांडा लोण्यातून सुरी जावी तसा आपल्या जागी जातो. हा मेळ कोणत्याही काट्यावर दिसत नाही. तो कानांनी ऐकावा लागतो, तळहाताला आणि तळपायाला जाणवावा लागतो. टाच-चवड्याच्या तंत्राचा गाभाही हाच आहे. शेतातल्या धुळीत हा मुलगा नकळत तोच धडा गिरवत होता.

१९७३ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, इंटरलागोस येथे तो कार्टच्या पहिल्या स्पर्धात्मक शर्यतीत उतरला. १९७७ मध्ये त्याने दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद मिळवले. जागतिक अजिंक्यपदाने मात्र त्याला सतत हुलकावणी दिली. १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे तो उपविजेता ठरला आणि कार्टमधील ही उणीव त्याला अखेरपर्यंत सलत राहिली.

१९८१ मध्ये तो इंग्लंडला गेला. तेथील फॉर्म्युला फोर्ड १६०० स्पर्धेत त्याचा खऱ्या अर्थाने शर्यतीच्या मोटारीशी, म्हणजेच क्लच आणि गिअरच्या दांड्याशी संबंध आला. कार्टमध्ये केवळ वेग आणि ब्रेक यांचा हिशेब असे. आता प्रत्येक वळणापूर्वी दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामाला लागू लागले. थंड, पावसाळी इंग्लंडमध्ये निसरड्या ट्रॅकवर गिअर जरा जरी दणक्यात पडला, तर मागची चाके सुटत. सेन्नाने पहिल्याच हंगामात तेथील दोन अजिंक्यपदे जिंकली. यश मिळाले तरी मन स्वस्थ नव्हते. वडिलांची इच्छा मुलाने घरचा उद्योग सांभाळावा अशी होती. हंगाम संपताच निवृत्ती जाहीर करून तो मायदेशी परतलाही. पण शर्यतीवाचून राहणे त्याला शक्य झाले नाही. १९८२ मध्ये तो पुन्हा इंग्लंडला आला, तो एकटाच. लिलियानशी वर्षभरापूर्वीच झालेला विवाह या ओढाताणीत मोडला. द सिल्व्हा हे आडनाव ब्राझीलमध्ये घरोघरी आढळणारे. म्हणून त्याने आईच्या माहेरचे सेन्ना हे नाव पुढे केले. त्या वर्षी फॉर्म्युला फोर्ड २००० ची ब्रिटिश व युरोपीय अजिंक्यपदे आणि १९८३ मध्ये मार्टिन ब्रंडलशी झालेल्या अटीतटीच्या झुंजीनंतर ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचे अजिंक्यपद त्याने पटकावले.

१९८४ मध्ये टोलमन या तुलनेने दुबळ्या संघातून तो फॉर्म्युला वनमध्ये आला. दुबळ्या मोटारीत बसलेल्या चालकाचे खरे मोल कसे ठरवायचे, हा प्रश्न त्या वर्षीच्या मे महिन्यात परस्पर सुटला. जर्मनीतील न्युर्बर्गरिंगच्या नव्या ट्रॅकच्या उद्घाटनानिमित्त मर्सिडीजने आपल्या १९० ई या चार दरवाजांच्या मोटारी उपलब्ध करून दिल्या. सर्वांना एकसारखी मोटार, तीच तीन पेडल, तोच गिअरचा दांडा. प्रतिस्पर्धी मात्र साधेसुधे नव्हते. निकी लाउडा, अ‍ॅलन प्रॉस्ट, केके रोझबर्ग, जेम्स हंट, जॅक ब्रॅबहॅम, स्टर्लिंग मॉस अशी तीन पिढ्यांतील दिग्गजांची मांदियाळी होती. फॉर्म्युला वनमध्ये जेमतेम तीन शर्यतींचा अनुभव असलेला सेन्ना त्यात पहिला आला आणि लाउडा दुसरा. यंत्राच्या श्रेष्ठतेची सबब सांगायला त्या दिवशी कोणालाच जागा उरली नाही.

पुढच्याच महिन्यात मोनॅकोच्या मुसळधार पावसात तेराव्या क्रमांकावरून निघालेला सेन्ना दुसऱ्या क्रमांकावर आला आणि आघाडीवरील प्रॉस्टला गाठण्याच्या बेतात असतानाच शर्यत थांबवण्यात आली. ज्या माणसाशी त्याचे नाव कायमचे जोडले जाणार होते, त्याच्याशी झालेली ही पहिली ठिणगी. १९८५ मध्ये लोटस संघात आल्यावर पोर्तुगालमधील एस्टोरिल येथे, पुन्हा धो धो पावसात, त्याने पहिला विजय मिळवला. दुसऱ्या क्रमांकावरील मिकेले अल्बोरेतो त्याच्यामागे एक मिनिटाहून अधिक अंतरावर होता आणि उरलेल्या सर्वांना त्याने किमान एका फेरीने मागे टाकले होते. याच काळात त्याची एक खास लकब जाणकारांच्या नजरेत भरली. इतर चालक वळणात अ‍ॅक्सिलरेटर सावकाश दाबत नेत. सेन्नाचा पाय मात्र सेकंदाला अनेक वेळा त्यावर टकटक करीत असे. टर्बो इंजिनाला जाग ठेवणे आणि मागच्या चाकांची पकड किती उरली आहे याचा अंदाज घेणे, ही दोन्ही कामे तो या टकटकीतून साधत असे.

१९८८ मध्ये तो मॅक्लारेन-होंडा संघात प्रॉस्टचा सहकारी म्हणून दाखल झाला. त्या वर्षी १६ पैकी १५ शर्यती या संघाने जिंकल्या. त्यांतील आठ सेन्नाच्या आणि सात प्रॉस्टच्या. मोनॅकोत त्याने पात्रता फेरीत प्रॉस्टपेक्षा जवळपास दीड सेकंद कमी वेळ नोंदवला. अरुंद गल्ल्यांच्या त्या ट्रॅकवर संपूर्ण शर्यतीत दोन हजारांहून अधिक वेळा गिअर बदलावा लागे. प्रत्येक वेळी उजवा हात चाकावरून दांड्याकडे जाई आणि मोटार डाव्या हातावर राही. तळहाताची सालटी निघत. त्याच शर्यतीत प्रचंड आघाडी असताना, धीमे जाण्याचा निरोप आल्यावर, लक्ष क्षणभर विचलित झाले आणि मोटार कठड्यावर आदळली. वेग वाढवताना न चुकलेला माणूस वेग कमी करताना चुकला.

अजिंक्यपदाचा निर्णय सुझुकात व्हायचा होता. हिरवा दिवा लागला आणि सेन्नाचे इंजिन बंद पडले. मोटारी दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेल्या. सुझुकाचा प्रारंभीचा सरळ भाग उताराचा आहे, हे त्याचे भाग्य. बॅटरी उतरलेली गाडी उतारावर सोडून क्लचच्या झटक्याने चालू करावी, तशी त्याने जगातील सर्वांत प्रगत मोटार चालू केली. चौदाव्या क्रमांकावरून तो पहिल्यावर आला आणि आयुष्यातील पहिले विश्वविजेतेपद त्याने खेचून आणले.

मात्र या कलेचा अस्तही जवळ आला होता. २६ मार्च १९८९ रोजी रिओ द जानेरो येथे, सेन्नाच्याच मायदेशी, नायजेल मॅन्सेलने फेरारीतून शर्यत जिंकली. जॉन बर्नार्ड यांनी रचलेल्या त्या मोटारीत गिअरचा दांडाच नव्हता. चाकामागील पट्टी बोटाने ओढली की गिअर बदले. हात चाकावरून उचलायला नको, उजव्या पायाला दुहेरी काम नको. वर्षानुवर्षे अंगात मुरवलेले कौशल्य एका कळीत मावू लागले. यंत्राचा कच्चेपणा लवकरच दूर होणार, हे उघड दिसत होते.

याच काळात सेन्नाच्या आयुष्यातील सर्वांत कडवट पर्व रंगले. १९८९ च्या सुझुका शर्यतीत तो आणि प्रॉस्ट एकमेकांवर आदळले. पुढे विजयी रेषा ओलांडूनही सेन्नाला बाद ठरवण्यात आले आणि अजिंक्यपद प्रॉस्टकडे गेले. १९९० मध्ये, त्याच सुझुकात, पहिल्याच वळणावर सेन्नाने माघार घेतली नाही. फेरारीतील प्रॉस्ट आणि तो दोघेही शर्यतीबाहेर गेले आणि अजिंक्यपद सेन्नाला मिळाले. पुढच्या वर्षी त्याने या धडकेमागील हेतू उघडपणे कबूल केला. वेग आणि आवर यांचा तोल पावलाच्या दोन कडांवर सांभाळणाऱ्या या माणसाला तोच तोल मनात राखणे त्या दिवशी साधले नाही. त्याच्या चाहत्यांनाही ही गोष्ट नाकारता येत नाही.

१९९१ चा हंगाम मॅक्लारेनने सहा गिअरच्या, हाताने चालवायच्या गिअरबॉक्सवरच खेळायचे ठरवले. प्रतिस्पर्धी विल्यम्स संघाकडे अर्धस्वयंचलित यंत्रणा आली होती. २४ मार्च रोजी इंटरलागोस येथे ब्राझीलची शर्यत झाली. सात वेळा प्रयत्न करूनही सेन्नाला घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकता आले नव्हते. आघाडीवर असताना त्याचा चौथा गिअर निकामी झाला. मागून वेगाने येणाऱ्या मॅन्सेलला त्याच्याच गिअरबॉक्सने दगा दिला आणि तो बाहेर पडला. पण सेन्नाची मोटारही एकेक गिअर गमावत गेली. अखेरच्या फेऱ्यांत केवळ सहावा गिअर उरला.

याचा अर्थ पेडलांच्या भाषेत समजून घ्यायला हवा. सहावा गिअर सरळ रस्त्यावरील सर्वाधिक वेगासाठी असतो. संथ वळणावर त्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कोसळतात आणि ते बंद पडण्याच्या बेतात येते. गिअर उतरवून मिळणारा इंजिनाचा आवरही नाहीसा होतो. आयुष्यभर ज्या मेळावर तो विसंबून होता, तो साधायला आता गिअरच उरले नव्हते. उरले होते ते इंजिन जिवंत राहील इतकाच वेग राखत वळणे काढणारे दोन हात आणि दोन पाय. त्यातच पाऊस सुरू झाला. विल्यम्समधील रिकार्डो पात्रेसे प्रत्येक फेरीत जवळ येत होता. सेन्नाने तीन सेकंदांहूनही कमी अंतराने शर्यत जिंकली. खांद्यांच्या आणि हातांच्या स्नायूंत गोळे आले होते. त्याला मोटारीतून बाहेर काढावे लागले. विजयमंचावर करंडक उचलतानाही वेदना चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होत्या.

त्या वर्षी सात शर्यती जिंकून त्याने तिसरे आणि अखेरचे विश्वविजेतेपद मिळवले. हाताने गिअर बदलायच्या मोटारीने जिंकलेले फॉर्म्युला वनचे ते शेवटचे अजिंक्यपद ठरले. १९९२ मध्ये मॅक्लारेननेही दांडा काढून टाकला. नव्या यंत्रणेवरही सेन्ना जिंकला. १९९३ मध्ये इंग्लंडमधील डॉनिंग्टन येथे ओल्या ट्रॅकवर पहिल्याच फेरीत पाचव्या क्रमांकावरून त्याने घेतलेली आघाडी अविस्मरणीय मानली जाते. मात्र बोट आणि गिअर यांच्यामध्ये आता यंत्र उभे होते.

जुनी कला टिकून राहिली ती रस्त्यावरच्या मोटारीत. १९८९ मध्ये एनएसएक्स घडत असताना होंडाने सेन्नाला सुझुकात तिचा नमुना चालवायला दिला होता. मोटारीचा सांगाडा पुरेसा मजबूत नसल्याचे त्याने अभियंत्यांना सांगितले. इतक्या जुजबी चाचणीवरून एका चालकाने दिलेला हा शेरा कंपनीने गंभीरपणे घेतला आणि सांगाडा अधिक ताठ करण्यात आला. ती मोटार १९९० मध्ये बाजारात आली. सुझुकातील चित्रफितीत त्याची पावले नाचताना दिसतात ती याच मोटारीच्या पेडलांवर.

१९९४ मध्ये तो विल्यम्स संघात गेला. ३० एप्रिल रोजी इटलीतील इमोला येथे पात्रता फेरीदरम्यान ऑस्ट्रियाचा रोलांड रात्झेनबर्गर मृत्युमुखी पडला. सेन्ना कमालीचा अस्वस्थ झाला. दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, आघाडीवर असताना सातव्या फेरीत ताम्बुरेलो वळणावर त्याची मोटार सरळ निघून गेली आणि काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. धडकेपूर्वी त्याने ब्रेक लावून वेग बराच कमी केला होता, असे नोंदींवरून दिसून आले. तो वाचू शकला नाही. त्याच्या मोटारीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. जिंकल्यास तो रात्झेनबर्गरच्या स्मरणार्थ फडकवण्याचा त्याचा मानस होता. त्या वेळी तो ३४ वर्षांचा होता. १६१ शर्यती, ४१ विजय आणि ६५ वेळा पहिल्या स्थानावरून प्रारंभ ही त्याची कमाई. ब्राझीलने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. साओ पावलोच्या रस्त्यांवर लाखो लोक उभे होते आणि शवपेटीला खांदा देणाऱ्यांत अ‍ॅलन प्रॉस्टही होता.

त्याच वर्षी बहीण व्हिव्हियान यांनी स्थापन केलेल्या आयर्टन सेन्ना इन्स्टिट्यूटने गरीब मुलांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. फॉर्म्युला वनच्या मोटारींत आता पायाखाली दोनच पेडल असतात आणि रस्त्यांवरही हाताने गिअर बदलायच्या मोटारी वर्षागणिक कमी होत आहेत. टाच-चवड्याचे तंत्र शिकण्याची निकड आज फारशा कोणाला उरलेली नाही. तरीही जगाच्या पाठीवर कोठे ना कोठे एखादा नवशिका मोकळा रस्ता पाहून ब्रेकवरचा पाय किंचित कलता करतो. पहिल्यांदा मोटार हिसका देते, दहाव्यांदाही देते. मग एखाद्या वेळी इंजिन नेमके हुंकारते, दांडा आवाज न करता आपल्या जागी जातो आणि गाडीतल्या कोणालाही गिअर बदलल्याचे कळतसुद्धा नाही. जिना चढताना अडखळणाऱ्या एका मुलाला हा मेळ सातव्या वर्षी शेतावरच्या जीपमध्ये सापडला होता.